डॅशबोर्डवरचा अ‍ॅव्हरेज आणि तीस लिटर पेट्रोल

राळेगाव तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचा हिशेब मी पाहते. कंपनीकडे एक पेट्रोल कार आहे, २०१९ ची, ३७ लिटरची टाकी. कापसाच्या हंगामात ती वडकी, हिंगणघाट, कळंब अशा जिनिंगच्या फेऱ्या मारते, एरवी गावोगावच्या सभासदांकडे जाते आणि महिन्यातून दोन-तीनदा नागपूर करते. गाडी चालवणारे पन्नाशीतले आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही.

एप्रिल २०२५ च्या पहिल्या आठवड्यात संचालकांची बैठक होती. वर्षअखेरचे कागद जुळवताना अध्यक्षांनी, म्हणजे आमच्या भाऊंनी, मार्चच्या पेट्रोल बिलांची फाइल स्वतः उघडली. महिन्यात गाडी २,४३० किलोमीटर चालली होती आणि बिलं होती १५८.६ लिटरची. म्हणजे लिटरला १५.३. पण भाऊंनी मार्चमध्येच गाडीच्या डॅशबोर्डवर १८.९ हा आकडा पाहिला होता, मोबाइलमध्ये त्याचा फोटोही होता. १८.९ नं भागलं तर १२८.६ लिटर पुरायला पाहिजे. बरोबर तीस लिटरचा फरक, रुपयांत तीन हजारांच्या वर.

मामांना बोलावलं. ते दारातच उभे राहिले. म्हणाले, "भाऊ, तो आकडा कुठून येते मले नाई ठाऊक. म्या जेवढं टाकलं तेवढं लिहिलं." एवढंच. बैठकीच्या कार्यवृत्तात नोंद झाली: इंधन वापरात ३० लिटरची तफावत, रक्कम चालकाकडून वसूल करावी. ती ओळ माझ्याच हातची आहे. लिहिताना मी काही बोलले नाही, आणि घरी आल्यावर तेच डोक्यात घोळत राहिलं. बारा हजार पगाराच्या माणसाचे तीन हजार कापायचे, आणि त्यापेक्षा मोठं म्हणजे त्याला चोर ठरवायचं, ते कशाच्या आधारावर? काचेवरच्या एका आकड्याच्या. तो आकडा कसा तयार होतो हे त्या खोलीत एकालाही सांगता आलं नसतं, मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी मी भाऊंना दोन महिने थांबायला सांगितलं. ते कडक आहेत, पण ऐकून घेणारे आहेत. "ताई, आकडा आणा. मी ऐकतो," म्हणाले.

गाडीला किती कळतं

डॅशबोर्डवरचा अ‍ॅव्हरेज टाकीतलं पेट्रोल मोजून येत नाही. टाकीत फक्त तरंगणारा फ्लोट असतो, तो काट्यापुरता. अ‍ॅव्हरेजचं गणित इंजिनच्या कंट्रोल युनिटमध्ये होतं. इंजेक्टर नावाचा छोटा व्हॉल्व्ह दर फेरीला काही हजारांश सेकंद उघडतो आणि पेट्रोलचा फवारा मारतो. तो किती वेळ उघडा राहिला हे युनिटला अचूक माहीत असतं. उघड्या वेळात किती पेट्रोल गेलं हे मात्र कारखान्यात ठरवून दिलेल्या दरानं गुणून काढलं जातं. काही गाड्यांत इंजिनात शिरलेली हवा मोजतात आणि तिच्यावरून पेट्रोल काढतात. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, हे त्यामागचं प्रमाण.

मी मामांना हे ठिबकचं उदाहरण देऊन सांगितलं. आपल्या शेतात ड्रीपर असतो ताशी चार लिटरचा. व्हॉल्व्ह तीन तास उघडा ठेवला की आपण म्हणतो, झाडाला बारा लिटर पाणी गेलं. झाडापाशी मापटं घेऊन कोणी बसत नाही. प्रेशर कमी-जास्त झालं, ड्रीपरमध्ये क्षार धरले, तर झाडाला मिळालेलं पाणी वेगळं आणि वहीतलं वेगळं. मामा म्हणाले, "म्हणजे गाडी पण अंदाजानंच सांगते." अंदाज हा शब्द थोडा कमी पडतो, कारण गणित बारकाईचं आहे. पण मोजमाप आणि हिशेब यांतला फरक त्यांना माझ्याआधी कळला होता.

युरोपीय संघात १ जानेवारी २०२१ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या पेट्रोल-डिझेल कारमध्ये इंधन वापराची नोंद ठेवणारी यंत्रणा सक्तीची आहे, आणि तिची चूक पाच टक्क्यांच्या आत असावी असा नियम आहे. म्हणजे जिथं नियम करून हे मोजतात, तिथंही पाच टक्क्यांची सूट धरलेली आहे. १२८ लिटरवर पाच टक्के म्हणजे सहा लिटरच्या वर. आमच्या बैठकीत सूट शून्य धरली होती.

आधी किलोमीटर, मग पंप

पहिली शंका किलोमीटरचीच घेतली. हिंगणघाट ते वडकी या पट्ट्यात हायवेच्या किलोमीटर दगडांवर ट्रिप मीटर लावून पाहिला. दगडांप्रमाणे २५ किलोमीटर झाले तेव्हा ट्रिप मीटरवर २५.४ होते. दीड टक्क्याच्या किंचित वर. कारण टायरमध्ये सापडलं. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते, आमची झिजून तीनवर आली आहे. तीनशे मिलिमीटरच्या आसपासच्या त्रिज्येत पाच मिलिमीटर गेले की चाक लहान होतं, तेवढ्याच अंतरात जास्त वेळा फिरतं आणि मीटर जास्त किलोमीटर मोजतो.

इथं माझी थोडी गफलत झाली होती, ती सांगते, कारण बरेच जण इथंच चुकतात. मला वाटलं, सापडलं कारण. पण झिजलेल्या टायरमुळे डॅशबोर्डचा अ‍ॅव्हरेज जेवढा फुगतो, तेवढाच बिलांवरून काढलेलाही फुगतो. दोन्हीकडे किलोमीटर एकाच मीटरचे. दोघांतला फरक किलोमीटरमुळे येऊच शकत नाही, तो लिटरमध्येच शोधायला हवा. (स्पीडोमीटरचा काटा ही वेगळी गोष्ट. तो खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये असा नियम असल्यानं कंपन्या तो मुद्दाम थोडा पुढे ठेवतात. त्यावरून किलोमीटरही तेवढेच पुढे असतील असं धरू नये.)

मग पंप. पंपावर वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं आणि ग्राहकानं मागितलं तर त्यात पेट्रोल मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरमागे २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो. आम्ही सकाळी गेलो, पंपावरच्या माणसानं कुरकुर न करता माप काढलं, आधी आतून पेट्रोलनं ओलं करून घेतलं, मग भरलं. मापाच्या मानेवरच्या रेषेखाली दहा मिली. म्हणजे ०.२ टक्के. पंपाचा विषय तिथंच संपला.

उन्हाळ्यात पेट्रोल फुगतं आणि माप कमी मिळतं, हे आपल्याकडे सगळेच म्हणतात. दहा अंश तापमान वाढलं की पेट्रोलचं आकारमान साधारण एक टक्का वाढतं, हे खरं. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते, ती बाहेरच्या पंचेचाळीस अंशांवर जात नाही. तरीही आम्ही चाचणीतलं प्रत्येक भरणं सकाळी सातच्या सुमारास केलं, म्हणजे तो वाद उरला नाही.

पाच टाक्या

खरी चाचणी टाकी ते टाकी. त्याच पंपावर, त्याच नोझलला, गाडी त्याच जागी त्याच तोंडानं उभी करून फुल टाकी. नोझल आपोआप बंद झालं की थांबायचं. पुढच्या वेळी फुल करायला जेवढे लिटर लागले, तेवढेच मधल्या किलोमीटरमध्ये जळले.

गाडीच्या सेटिंगमध्ये एक गोष्ट बदलावी लागली. आमच्या गाडीत पेट्रोल टाकलं की अ‍ॅव्हरेज आपोआप शून्यावर जाऊन नव्यानं सुरू व्हायचा. पाचशे-हजार रुपयांचं पेट्रोल टाकत राहणाऱ्या गाडीत याचा अर्थ असा, की काचेवर दिसतो तो महिन्याचा अ‍ॅव्हरेज नसतोच, शेवटच्या साठ-सत्तर किलोमीटरचा असतो. ते ऑटो रिसेट बंद केलं आणि प्रत्येक फुल टाकीला हातानं शून्य करायचं ठरलं.

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पाच टाक्या झाल्या:

पहिली: ४८६ किमी, २७.९ लिटर. खरा अ‍ॅव्हरेज १७.४, डॅशबोर्ड १८.६.
दुसरी: ५१२ किमी, ३१.२ लिटर. खरा १६.४, डॅशबोर्ड १७.९.
तिसरी: ४४७ किमी, २५.१ लिटर. खरा १७.८, डॅशबोर्ड १८.५.
चौथी: ५३० किमी, ३२.४ लिटर. खरा १६.४, डॅशबोर्ड १७.४.
पाचवी: ४६८ किमी, २७.१ लिटर. खरा १७.३, डॅशबोर्ड १८.७.

एकूण २,४४३ किलोमीटर, १४३.७ लिटर. लिटरला बरोबर १७. डॅशबोर्डच्या आकड्यांवरून लिटर काढले तर १३४.४ येतात, म्हणजे त्याच्या मते १८.२. डॅशबोर्ड सात टक्के जास्त सांगतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या टाकीकडे जरा थांबून पाहा. दुसरीत फरक नऊ टक्के, तिसरीत जेमतेम चार. गाडी आठवड्यात सुधारली का? दुसऱ्या वेळी नोझल बंद झाल्यावरही पंपावरच्या पोरानं राउंड फिगर करायला अजून थोडं ढकललं होतं. मामांनी लगेच मला फोन करून सांगितलं, म्हणून ते माझ्याकडे लिहिलेलं आहे. टाकी गळ्यापर्यंत भरली, दुसऱ्या टाकीच्या नावावर जास्तीचे लिटर चढले, आणि तेच लिटर तिसऱ्या टाकीत आधीपासून असल्यानं तिसऱ्या वेळी कमी मावले. दोन्ही एकत्र केल्या की फरक पुन्हा पावणेसात-सात टक्क्यांवर येतो. म्हणूनच एका टाकीवरून निकाल लावू नये. अर्ध्या-पाऊण लिटरची चूक तीस लिटरवर दोन टक्क्यांच्या आसपास होते. पाच टाक्या सलग मोजल्या की मधल्या सगळ्या चुका एकमेकींत फिटतात, उरते फक्त पहिल्या आणि शेवटच्या भरण्याची, आणि ती दीडशे लिटरवर पसरते.

मार्चचे तीस लिटर

आता मार्चकडे परत. मामांची एक वही आहे, गाडीच्या कप्प्यात असते. बियाण्याच्या जुन्या कॅलेंडरचं चकचकीत कव्हर घातलेली, पेन दोऱ्यानं बांधलेला. तारीख, किलोमीटर, रुपये. आणि कडेला मध्येमध्ये "रि." असं एक अक्षर. मी महिनोन्महिने बिलं या वहीवरून ताडून पाहिली होती, पण ते "रि." कशाचं हे कधी विचारलं नव्हतं. रिझर्व्हचा दिवा लागला की मामा ते लिहितात.

१ मार्चच्या ओळीपुढे "रि." होतं. महिन्याची पहिली सकाळ, टाकी तळाला. आणि ३१ मार्चच्या संध्याकाळी दोन हजारांचं पेट्रोल टाकलेलं, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला भाऊंनाच घेऊन नागपूरला जायचं होतं. त्या रात्री काटा अर्ध्याच्या वर होता, हे भाऊंनाही आठवलं. म्हणजे मार्चची बिलं आणि मार्चमध्ये जळलेलं पेट्रोल या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

सतराच्या दरानं २,४३० किलोमीटरला लागतात १४२.९ लिटर. बिलं १५८.६ ची. उरलेले १५.७ लिटर ३१ तारखेला रात्री टाकीतच होते. ३७ लिटरच्या टाकीत तळापासून अर्ध्याच्या वरपर्यंत नेमकं तेवढंच बसतं. जे पेट्रोल चोरीला गेलं म्हणून लिहिलं, त्यातलं निम्म्याहून जास्त बैठकीच्या आठवड्यातच गाडीनं जाळलं, आणि त्यातलं काही भाऊ मागच्या सीटवर बसलेले असताना.

राहिले १४.३ लिटर. त्यातले ९.४ डॅशबोर्डच्या सात टक्क्यांत गेले. आणि शेवटचे ४.९ भाऊंच्या फोटोत. तो फोटो नागपूरहून परतताना जाम गावाच्या अलीकडचा आहे. शहराबाहेर पडताना पेट्रोल टाकलेलं, अ‍ॅव्हरेज शून्यावरून सुरू झालेला, आणि पुढे चारपदरी रस्त्यावर ऐंशीचा एकसारखा वेग. तिथं १८.९ दिसणारच. भाऊ गाडीत बसतात ते नागपूरला जाताना. मामा गाडी चालवतात ती पांदण रस्त्यावर, काळ्या मातीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांच्या रांगेमागे तासभर उभं राहायचं, आत सभासद बसलेले, एसी चालू. उभ्या गाडीला एसी लावून तासाला पाऊण ते एक लिटर सहज जातं आणि किलोमीटर शून्य. त्या वेळचा फोटो कोणी काढलेला नव्हता.

४.९, ९.४ आणि १५.७. बेरीज तीस. मी सतराचा दर एप्रिल-मेच्या चाचणीचा मार्चला लावला आहे, तेव्हा दशांशाचा फार आग्रह धरत नाही. पण वहीतलं "रि.", टाकीचा काटा आणि हे गणित तिन्ही एकाच जागी येतात.

मग गाडी पूर्वीपेक्षा कमी का देते

भाऊंचा एक प्रश्न उरला होता, आणि तो रास्त होता. गाडी नवी असताना फुल टाकीवर अठराच्या वर जायची. आता खरंच सतरा. टायरची झीज काढून टाकली तर पावणेसतराच्या आसपास. हे डॅशबोर्डच्या चुकीचं नाही, हे खरोखर कमी झालेलं आहे.

मोठं कारण पेट्रोलमध्येच आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत देशात वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला सुरुवात झाली आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडे पोचलं. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१. वीस टक्के मिसळलं की लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी होते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही हे आहे: बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचा अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल, वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्यांचा एक-दोन टक्क्यांनी. आमची गाडी जुन्या पिढीतली.

इथेनॉलला जळायला हवाही कमी लागते. एका भागाला नऊ. त्यामुळे वीस टक्के मिश्रणाचं प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येतं. तेवढ्याच हवेत जास्त इंधन सोडावं लागतं, आणि इंजिन ऑक्सिजन सेन्सरच्या आधारानं ते सोडतंही. जी गाडी हवेवरून पेट्रोल मोजते आणि गणितात जुनं १४.७ च धरून बसते, तिच्या काचेवर हे वाढीव इंधन उमटत नाही. टाकी रिकामी होते, आकडा तसाच राहतो. जुन्या गाड्यांचे डॅशबोर्ड अलीकडे जास्त गोड बोलतात अशी तक्रार तालुक्यात इतरांकडूनही ऐकते, तेव्हा मला हेच आठवतं.

जूनची बैठक

मी सगळं दोन पानांत मांडलं आणि वही सोबत ठेवली. भाऊंनी पाच टाक्यांची बेरीज स्वतः मोबाइलवर करून पाहिली, दोनदा. मग वसुली रद्द केली. महिन्याचा हिशेब आता तारखेवर बंद होत नाही, फुल टाकीवर होतो: महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली एक सकाळ, तोच पंप, नोझल बंद झालं की थांबायचं, राउंड फिगर नाही. मध्ये पाचशेचं टाका की हजारचं, सगळे लिटर बेरजेत येतात. डॅशबोर्डचा आकडा एका रकान्यात लिहितो, तुलनेसाठी. तो अचानक दोननं खाली आला तर टायरमधली हवा किंवा एअर फिल्टर पाहायचा, एवढं काम तो चांगलं करतो. पावसाळ्यानंतर नवे टायर बसतील, तेव्हा किलोमीटर दगडांवरची तपासणी पुन्हा करायची आहे.

बैठक संपत आली तेव्हा मामा दारातून आत आले. या वेळी खुर्चीवर बसले. म्हणाले, "पैशाचं नाई भाऊ. एप्रिलच्या रजिस्टरात माझं नाव लिहिलं हाय. ते कसं पुसान?"

कार्यवृत्तातलं पुसता येत नाही. भाऊंनी मला नवीन ठराव लिहायला सांगितला, आणि मी तिथंच बसून लिहिला: दि. ३ एप्रिलच्या बैठकीत चालकाच्या नावे नोंदवलेली ३० लिटर इंधनाची तफावत तपासणीअंती हिशेबाच्या पद्धतीतली असल्याचे दिसून आले. चालकाने ठेवलेली वही बरोबर आहे. सदर नोंद व वसुलीचा आदेश रद्द करण्यात येत आहे.

"वही बरोबर आहे" हे वाक्य भाऊंनी सांगितलं. मामांनी ते मला पुन्हा एकदा वाचायला लावलं.